‘स्टिग्मा’ म्हणजे नेमकं काय? एका शास्त्रीय शब्दाचा अर्थ आणि उगम शोधण्याची रीत

अळ्यांचं वर्णन करणाऱ्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मी अडकलो होतो. मजकूर साधारण असा: अळी हिरवी, ‘स्टिग्माटा’ पिवळे, त्यांना काळी कड. तोवर स्टिग्मा म्हणजे फुलातली कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग, एवढंच शाळेतलं ज्ञान गाठीला. अळीला कुक्षी कुठून आली? मग शब्दकोश उघडला. मूळ ग्रीक अर्थ ‘खूण, ठिपका’ असा मिळाला आणि मी खुशाल ठरवून टाकलं की अंगावरच्या ठिपक्यांविषयी चाललंय. पुढे महिनाभर त्या पुस्तकातली प्रत्येक अळी मी चुकीची वाचली. ते ठिपके नव्हतेच, ती अळीची श्वास घ्यायची भोकं होती.

गंमत अशी की शब्दकोशाने मला खोटं काही सांगितलं नव्हतं. व्युत्पत्ती बरोबर होती, अर्थ चुकला होता. व्युत्पत्ती सांगते की नाव ठेवणाऱ्याला काय दिसलं, आणि अर्थ ठरतो तो शब्द कुठल्या जिवाच्या कुठल्या अवयवाला लावलाय त्यावरून. दोन्ही शोधायचं, पण वेगवेगळं शोधायचं. वनस्पतिशास्त्र आणि कीटकशास्त्र या दोघांनी ज्या शब्दांवर हक्क सांगितलाय, तिथे ही काळजी जास्तच घ्यावी लागते. पुढची रीत ‘स्टिग्मा’ समोर ठेवून सांगतो. अशा दुसऱ्या कुठल्याही शब्दालाही ती चालते.

आधी शब्द नाही, वाक्य उतरवा

अनोळखी संज्ञा दिसली की हात थेट शब्दकोशाकडे जातो. तो आवरा. वहीत आख्खं वाक्य लिहून घ्या आणि त्याच्याखाली चार गोष्टी टिपा: जीव कोणता, शरीराचा कोणता भाग, शब्द एकवचनी की अनेकवचनी, आणि त्याला कोणती विशेषणं किंवा आकडे चिकटलेत. अर्धा निकाल इथेच लागतो.

स्टिग्माच्या बाबतीत तर फारच. वाक्यात फूल, पराग, अंडाशय असलं की ती कुक्षी. अळी, नाकतोडा किंवा झुरळ असून ‘दोन्ही बाजूंना’, ‘जोड्या’, ‘प्रत्येक खंडावर’ असे शब्द आले की ती श्वासरंध्रं. आजकाल यांना स्पायरॅकल म्हणतात; स्टिग्मा हे जुन्या लिखाणातलं नाव. चतुर, टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद कीटक), मधमाशी, गांधीलमाशी किंवा मावा यांच्या पंखाच्या पुढच्या कडेबद्दल चाललं असेल तर तो पंखावरचा जाड डाग. त्याचं पूर्ण नाव टेरोस्टिग्मा (टेरॉन म्हणजे पंख), पण लिहिणारे सर्रास नुसतं स्टिग्मा लिहितात.

इथवर सोपं आहे. खरा गोंधळ पतंग-फुलपाखरांच्या पुस्तकांत होतो. नॉक्टुइड कुळातल्या पतंगांच्या पुढच्या पंखावर एक गोल आणि एक मूत्रपिंडाच्या आकाराचा असे दोन डाग असतात. त्यांना ऑर्बिक्युलर स्टिग्मा आणि रेनिफॉर्म स्टिग्मा म्हणतात. ओळख पटवायला त्यांचा आकार आणि रंग फार कामाला येतो. स्किपर गटातल्या काही नर फुलपाखरांच्या पुढच्या पंखावर गंध सोडणाऱ्या खास खवल्यांची तिरकी पट्टी असते, तिलाही स्टिग्माच म्हणतात. म्हणजे एकाच पुस्तकात, एकाच पानावर, पतंगाच्या पंखावरचा स्टिग्मा नुसता रंगाचा डाग, आणि त्याच्याच अळीच्या वर्णनातला स्टिग्मा श्वासाचं भोक! आता कळलं असेल की मी महिनाभर कसा फसलो ते.

आणखी दोन वापर जाता जाता. माइट, म्हणजे गोचिडीच्या भाऊबंदांतले बारीक आठपायी जीव, यांचे मोठे गट श्वासरंध्रं कुठे आहेत यावरून पाडले गेले: मेसोस्टिग्माटा, प्रोस्टिग्माटा, आणि ज्यांना ती नसतातच ते अस्टिग्माटा. घरातल्या धुळीतले माइट या शेवटच्या गटातले. दुसरा वापर युग्लिनाचा. त्या एकपेशीय जिवातल्या तांबड्या नेत्रबिंदूलाही स्टिग्मा म्हणतात.

मग वस्तू डोळ्यांनी पाहा

ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते पुढची निम्मी भांडणं त्यातूनच होतात. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग पुरतं. भिंग डोळ्याला चिकटवा आणि वस्तू जवळ आणा. उलटं करत बसू नका.

सुरुवात जास्वंदीपासून करा, कारण तिच्यात सगळं ढळढळीत दिसतं. लाल एकेरी जास्वंदीच्या मधोमध जो लांब दांडा बाहेर येतो, तो पुंकेसरांच्या तंतूंची जुळून झालेली नळी आहे. परागकोश तिच्या अंगाला लटकलेले असतात. या नळीच्या आतून कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा देठ, जातो, टोकाला बाहेर पडतो आणि त्याला पाच फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याच्या शेंड्यावर मखमली बोंड. ही पाच बोंडं म्हणजे पाच स्टिग्मा. एका बोंडावर भिंग धरलं की मखमल म्हणजे असंख्य बारीक केसाळ उंचवटे आहेत हे दिसतं. पराग पडले असतील तर तेही सुटे सुटे मोजता येतात, कारण जास्वंदीचे परागकण चांगले मोठे आणि काटेरी असतात.

त्यानंतर मक्याचं कोवळं कणीस सोला. पुंजक्यातला प्रत्येक रेशमी केस एकेका दाण्याला जोडलेला दिसेल. तो केस म्हणजे स्टिग्मा आणि त्याचा वृंत यांची लांबलचक जोडगोळी आहे, आणि पराग धरायची ताकद त्याच्या जवळजवळ सबंध लांबीभर पसरलेली असते. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याच्या बुडाशी दाणा भरत नाही. कणसातल्या रिकाम्या जागांचं हे एक कारण. ‘स्टिग्मा म्हणजे टोकावरचा ठिपका’ अशी व्याख्या पाठ केलेल्या माणसाने हे कणीस एकदा तरी हातात घ्यावं.

स्टिग्मा पराग घ्यायला तयार आहे का, हे पाहायची एक सोपी चाचणी आहे. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब त्याच्यावर सोडा आणि भिंगातून पाहा. तयार असेल तर बारीक बुडबुडे येतात, कारण त्या काळात पृष्ठभागावरची विकरं (एन्झाइमं) जोरात असतात. मात्र फूल चुरगळलेलं नको आणि त्यावर आधीचे पराग नकोत, कारण जखमेवर आणि परागांवरही बुडबुडे येतात. एक कळी, एक ताजं फूल आणि एक सुकायला आलेलं फूल अशी तिन्ही शेजारी ठेवून करा, म्हणजे फरक कळेल.

आता कीटक. अळी हातात घ्यायची गरज नाही, पानासकट बाजूने पाहा. डोक्यामागच्या पहिल्या खंडावर एक लंबगोल भोक, मग दोन खंड मोकळे, आणि त्यापुढे पोटाच्या आठ खंडांवर एकेक. एका बाजूला नऊ, म्हणजे नऊ जोड्या. भोकांभोवती बहुधा गडद कडी असते, म्हणूनच लांबून ते ठिपके वाटतात. मार्चेल्लो मालपिगी या इटालियन वैद्याने १६६९ साली रेशीमकिड्यावरचा ग्रंथ छापला. त्यात त्याने या भोकांपासून आत पसरलेलं नळ्यांचं जाळं दाखवलं. भोकांवर तेल चोपडलं की किडा मरतो हेही त्याने करून पाहिलं होतं. ठिपक्याला तेल लावून कोणी मरत नसतं!

चतुर बसला की पंख आडवे पसरून ठेवतो, त्यामुळे त्याला पाहणं सोपं. पंखाच्या पुढच्या कडेला, टोकापासून थोडं आत, दोन शिरांच्या मध्ये एक लांबट चौकोन भरलेला दिसतो. कधी काळा, कधी तपकिरी, कधी पिवळसर. हा निव्वळ रंग नव्हे. तिथला पंख जाड आणि वजनदार असतो. तरंगत जाताना वेग एका हद्दीपलीकडे गेला की पंख पिळवटून फडफडायला लागतो, आणि पुढच्या कडेला नेमक्या जागी ठेवलेलं हे जरासं वजन ती फडफड लांबवतं. नॉरबर्ग नावाच्या संशोधकाने १९७२ साली याचा हिशेब मांडला. चतुराच्या एकूण वजनाच्या ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी भरणारा हा डाग तरंगण्याची सुरक्षित वेगमर्यादा १० ते २५ टक्क्यांनी वाढवतो. टाचण्यांच्या कॅलोप्टेरिक्स या प्रजातीत माद्यांच्या पंखावर तिथेच पांढरा डाग असतो, पण त्यातून आडव्या शिरा गेलेल्या असतात. तो खरा टेरोस्टिग्मा नव्हे, त्याला खोटा टेरोस्टिग्माच म्हणतात. भिंगाशिवाय हा भेद कळणार नाही.

शब्द फोडा

हातात वस्तू आल्यावर आता व्युत्पत्तीकडे वळायला हरकत नाही. ग्रीक क्रियापद ‘स्टिझाइन’ म्हणजे टोचणं, गोंदणं. ‘-मा’ हा प्रत्यय क्रियेतून जे उरतं ते सांगतो. म्हणून स्टिग्मा म्हणजे टोचल्यावर अंगावर राहिलेली खूण. ‘ग्राम्मा’ हा शब्दही याच साच्यातला: लिहिल्यावर उरतं ते अक्षर.

हे गोंदणं ग्रीकांमध्ये बहुधा अपमानाचं होतं. पळून गेलेल्या गुलामाच्या कपाळावर ते करत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मात्र नोंदवलंय की थ्रेस प्रांतातल्या लोकांत गोंदलेलं असणं हे कुलीनपणाचं लक्षण मानत. त्याचीच दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. हिस्टियायस या सरदाराने एका विश्वासू गुलामाचं डोकं भादरून त्यावर निरोप गोंदला, केस वाढेपर्यंत थांबला आणि मग त्याला पाठवून दिलं. तिथेही क्रियापद हेच. आज इंग्रजीत स्टिग्मा म्हटलं की आधी ‘कलंक’ आठवतो, तो या कपाळावरच्या गोंदणातून आलेला. जीवशास्त्राच्या शब्दाला तो अर्थ चिकटवू नका. फुलाला कसला आलाय कलंक.

शब्दाचं मूळ आणखी खाली खणलं की आपल्याच अंगणात निघतं. भाषाशास्त्रज्ञ इंडो-युरोपीय भाषांत ‘टोकदार असणं, टोचणं’ अशा अर्थाचा एक धातू मानतात. त्याच्या सुरुवातीचा ‘स’ काही भाषांत टिकला, काहींत गळाला. ग्रीकमध्ये टिकला. संस्कृतात गळाला आणि ‘तिज्’ उरला. त्यातून तीक्ष्ण, तेज, आणि तिग्म. हो, तिग्म म्हणजे धारदार, प्रखर. ‘तिग्मांशु’ म्हणजे ज्याचे किरण प्रखर तो सूर्य. तिग्म आणि स्टिग्मा शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. पण इथेही एक पाऊल जपून. दोघांचा धातू एक असला तरी प्रत्यय एक नाहीत. तिग्म हे विशेषण, स्टिग्मा हे नाम. त्यामुळे ‘स्टिग्मा हा शब्द संस्कृतातून गेला’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. दोघं चुलत भावंडं आहेत, कोणी कोणाचा बाप नाही.

फोडताना अनेकवचन जरूर पाहा. अशा ग्रीक नामांचं अनेकवचन ‘-माटा’ होतं, म्हणून स्टिग्माटा, आणि म्हणूनच माइटांच्या गटांच्या नावांत तो ‘टा’ आहे. फुलांच्या बाबतीत इंग्रजीत स्टिग्माज हे साधं रूपही चालतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात तो अस्टिग्माटिझमही याच कुटुंबातला. ‘अ’ म्हणजे नाही; प्रकाशकिरण एका बिंदूत जुळत नाहीत तो दोष. हा शब्द १९व्या शतकात विल्यम ह्यूएल या इंग्रज पंडिताने घडवला.

दोन तोतयांपासून सावध. स्टोमा, अनेकवचन स्टोमाटा, म्हणजे पानावरची पर्णरंध्रं. त्या शब्दाचा अर्थ तोंड, आणि स्टिग्माशी त्याचं काही नातं नाही. अनेकवचनं इतकी सारखी वाजतात की ‘श्वासाची भोकं’ म्हणून दोघांची सरमिसळ मी चांगल्या लेखांतही पाहिली आहे. दुसरा तोतया स्टाइल, म्हणजे कुक्षीवृंत. याचा लॅटिन पूर्वज ‘स्टिलुस’, म्हणजे लिहायची टोकदार कांडी. मागाहून कोणीतरी त्याचा संबंध ग्रीक ‘स्टुलोस’शी, म्हणजे खांबाशी, जोडला आणि त्या गैरसमजापायी इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाय येऊन बसला. चुकीच्या व्युत्पत्तीनेही शब्दाचं रूप बदलतं, ते असं.

कोणी, कधी आणि काय म्हणून वापरला

ग्रीक मूळ सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. ग्रीकांनी हा शब्द गोंदणासाठी वापरला. शास्त्रातली संज्ञा म्हणून त्याला कोणी बांधलं, हा प्रश्न वेगळा आहे आणि बहुतेक शब्दकोश तो दोन ओळींत उरकतात. त्यासाठी मूळ व्याख्येपर्यंत जावं लागतं.

फुलाच्या बाबतीत ती व्याख्या स्वीडिश वनस्पतिज्ञ कार्ल लिनेयसची. ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या १७५१च्या ग्रंथात त्याने फुलाचे भाग एकेका ओळीत बांधून टाकले. स्टिग्माची ओळ अशी: स्त्रीकेसराचा शेंडा, द्रवाने ओला. याच्या अर्धशतक आधी, १६९४ साली, जर्मन वनस्पतिज्ञ कामेरारियसने मक्याचे केस कापून टाकले की कणीस रिकामं राहतं हे दाखवलं होतं. म्हणजे अवयवाचं काम थोडंफार ठाऊक होतं. तरीही लिनेयसची व्याख्या कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. ती जागा सांगते आणि ओलेपणा सांगते. जे दिसलं, हाताला लागलं, तेवढंच.

व्याख्या सापडली की ती तपासायची. योलांड हेस्लॉप-हॅरिसन आणि भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ के. आर. शिवण्णा यांनी १९७७ साली सुमारे १,००० जातींचे स्टिग्मा तपासून त्यांचे दोन मोठे गट केले, ओले आणि कोरडे. मोहरीच्या आणि गवतांच्या कुळांत ते कोरडे असतात. तेव्हा लिनेयसची व्याख्या अक्षरशः धरली तर मक्याच्या केसाला स्टिग्मा म्हणताच येणार नाही! आज संज्ञा टिकली आहे ती ‘पराग धरून त्याला रुजू देणारा भाग’ या अर्थाने. शब्द तोच, पण कसोटी बदलली. म्हणून आपल्या नोंदीत व्याख्येशेजारी साल लिहायचंच.

मराठी प्रतिशब्दालाही तीच कसोटी

आपण मराठी शब्द आला की निश्चिंत होतो. होऊ नये. कुक्षी हा संस्कृत शब्द. त्याचा अर्थ पोट, उदर, आणि आपली ‘कूस’ त्याच्यातूनच आली. पण फुलाची कूस म्हणावी असा भाग असेल तर तो अंडाशय, शेंडा नव्हे. पाठ्यपुस्तकांत कुक्षी हाच शब्द रुळलाय, तो बदला असं माझं म्हणणं नाही. फक्त त्याच्या मूळ अर्थावरून अवयवाचं काम ताडायला जाऊ नका. मराठी विश्वकोशात याच भागाला किंजल्क म्हटलेलं सापडतं. तो शब्द जुन्या संस्कृतात कमळाच्या तंतूंसाठी, म्हणजे पुंकेसरांसाठी वापरला जाई.

सगळ्यात मोठा सापळा केशराचा. केसर म्हणजे केस, आयाळ; सिंह केसरी तो त्यामुळेच. त्यावरून फुलातल्या तंतूंना पुंकेसर म्हणतात. साहजिकच वाटतं की डबीतलं केशर म्हणजे पुंकेसर असणार. ते नाही. क्रोकस सॅटिव्हसच्या फुलात पिवळे पुंकेसर वेगळे असतात. आपण वाळवून ठेवतो त्या लाल काड्या म्हणजे त्याचे स्टिग्मा आहेत, एका फुलाला तीन. एक काडी कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून भिंगाखाली धरा. टोकाकडे ती कर्ण्यासारखी उघडते आणि कर्ण्याच्या काठावर झालर दिसते. पुंकेसराला असं टोक कधीच नसतं, त्याला परागकोश असतो. आणि हे झाड वांझ आहे, त्याला बी धरत नाही. त्यामुळे जगातल्या सगळ्यात महाग स्टिग्माला स्टिग्माचं काम कधी पुरं करताच येत नाही.

पंखावरच्या डागाला मी माझ्या वहीत ‘पंखबिंदू’ लिहितो. तो माझ्यापुरता शब्द आहे. असं काही स्वतः घडवलं तर शेजारी मूळ संज्ञा देवनागरीत ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी आपल्यालाच कळत नाही.

शेवटी नोंद लिहा

एक संज्ञा, एक पान. वर वाक्य, मग अर्थ जिवानुसार वेगवेगळ्या ओळींत, मग उगम, मग पहिली व्याख्या आणि साल, मग स्वतः पाहिलेलं काय ते. स्वतः पाहिलं नसेल तर ती ओळ कोरी सोडा, भरू नका. माझ्या त्या अळीच्या पानावर आता असं आहे:

स्टिग्माटा (अनेकवचन). वाक्य: अळी हिरवी, स्टिग्माटा पिवळे, काळी कड. अर्थ इथे: श्वासरंध्रं. आजचा शब्द स्पायरॅकल. इतरत्र: फुलाची कुक्षी; चतुराचा पंखबिंदू; पतंगाच्या पंखावरचे गोल व मूत्रपिंडाकृती डाग; स्किपर नराची गंधपट्टी. उगम: ग्रीक, टोचल्याची खूण, संस्कृत तिज्, तिग्म यांचा भाऊबंद. व्याख्या: फुलापुरती लिनेयस, १७५१. पाहिलं: लिंबाच्या पानावरची अळी, डावी बाजू, नऊ मोजली. पहिल्या खंडानंतर दोन खंड मोकळे. आधीचा ‘ठिपके’ हा अर्थ खोडला.